काउंट ५,२०० वरून ३०० वर आला. केमो थांबवायची का?

पत्राचा सारांश: धायरीहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचे पती ४६ वर्षांचे, चाकणच्या कारखान्यात कामाला. श्रावणात त्यांना ताप आला, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, प्लेटलेट्स ३८,००० निघाल्या. आसपास डेंग्यूची साथ होती म्हणून घरच्यांनी डेंग्यूच धरला. आठवडाभर पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध झालं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली आणि पुढच्या हिमोग्रामखाली लॅबच्या डॉक्टरांनी एक टीप लिहिली. बोनमॅरो, म्हणजे अस्थिमज्जेच्या, तपासणीत अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग निघाला. केमोचा पहिला कोर्स संपलाय, पती अजून रुग्णालयातच आहेत. केमोआधी पांढऱ्या पेशी ५,२०० होत्या, आता ३०० आहेत. प्लेटलेट्स ९,०००, हिमोग्लोबिन ७.१. मोठे दीर म्हणतात, “रिपोर्ट नॉर्मल होता, यांनी औषधं देऊन माणूस रिकामा केला. घरी आणू. माझ्या माहितीतले एक वैद्य काउंट वाढवून देतात.” ताई रोज वहीत काउंट लिहितात. पती सकाळी उठल्या उठल्या विचारतात, “आज किती?” परवा त्यांनी ९,००० च्या जागी २०,००० सांगितले. उपचार थांबवावेत का, आणि आकडे लपवले तर चालेल का, असं त्या विचारतात.

ताई, सुरुवात मोठ्या दिरांच्या बोलण्यापासून करते, कारण घरातला सगळा गोंधळ तिथून निघालाय. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण त्यांनी पाहिलेले आकडे खरे आहेत, आणि वैद्यकाशी संबंध नसलेल्या कुणीही त्यांचा तोच अर्थ लावला असता. पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० असाव्यात असं लॅबच्या कागदावर छापलेलं असतं. ५,२०० त्यात बसतात, ३०० बसत नाहीत. मग बिघडवलं कुणी, हा प्रश्न साहजिकच पडतो.

आता त्याच कागदावर चार ओळी खाली या. पत्रासोबत तुम्ही केमोआधीच्या रिपोर्टचा फोटो जोडलाय. त्यात पांढऱ्या पेशींची फोड दिलेली आहे: ब्लास्ट ६४ टक्के, लिम्फोसाइट २५, न्यूट्रोफिल ८, मोनोसाइट ३. म्हणजे ५,२०० पैकी ३,३०० हून जास्त पेशी ब्लास्ट होत्या. या कर्करोगाच्या पेशी. अर्धवट वाढीतच अडकलेल्या, शरीराच्या कुठल्याही कामाला न येणाऱ्या. जंतूंशी लढायचं मुख्य काम न्यूट्रोफिलचं. त्या किती होत्या? ५,२०० चे ८ टक्के काढा. ४१६. निरोगी माणसात त्या साधारणपणे २,००० च्या वर असतात, आणि ५०० च्या खाली गेल्या की एरवी किरकोळ वाटणारा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. दिरांना जो रिपोर्ट नॉर्मल वाटला, त्या दिवशीच तुमच्या यजमानांची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली होती. ५,२०० चे ३०० झाले तेव्हा जे गेलं त्यातला मोठा भाग ब्लास्ट पेशींचा होता.

ब्लड कॅन्सर म्हणजे पांढऱ्या पेशी लाखावर, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. काहींच्या खरंच तेवढ्या होतात. पण अक्यूट ल्युकेमियात त्या जास्त, नेमक्या मर्यादेत किंवा अगदी कमीही सापडतात. एकूण आकडा फसवा असतो. तो मशीन मोजतं, आणि ब्लास्ट पेशींना कधी कधी मोनोसाइट किंवा लिम्फोसाइट समजून त्यांच्या रकान्यात टाकतं. मशीनने शंकेची खूण केली की कुणीतरी स्लाइड घेऊन मायक्रोस्कोपसमोर बसावं लागतं. मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून आयुष्यभर ते काम केलं, म्हणून तिथे काय दिसतं ते सांगते. काचेवर रक्ताचा थेंब पातळ पसरतात आणि लीशमन स्टेनने रंगवतात. निरोगी न्यूट्रोफिल लगेच ओळखू येतो: केंद्रकाचे तीन-चार तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले, भोवती फिकट गुलाबी, कणीदार भाग. ब्लास्टची पेशी बहुधा मोठी असते. केंद्रकानेच जवळजवळ सगळी जागा व्यापलेली, त्याचा पोत एकसारखा, मऊ, मध्ये एक-दोन फिकट ठिपके, आणि कडेला निळसर रंगाची जेमतेम एक पट्टी. कधी त्या पट्टीत लालसर, सुईसारखी काडी दिसते. तिला ऑअर रॉड म्हणतात, आणि ती दिसली की हा मायलॉइड प्रकार असल्याचं जवळजवळ नक्की होतं. तुमच्या लॅबच्या डॉक्टरांनी खाली जी टीप लिहिली ती असं काही पाहून लिहिली असणार. त्यांनी मशीनच्या आकड्यावर न थांबता स्लाइड पाहिली, याचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

आत काय घडतं ते दिरांना सांगायचं असेल तर त्यांना शेत डोळ्यांपुढे आणायला सांगा. अस्थिमज्जा हे शेत. त्यात एरवी तीन पिकं येतात: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स. ल्युकेमिया म्हणजे त्यात गाजरगवत माजणं. गवत स्वतः वाढतं आणि तिन्ही पिकांना जागा उरू देत नाही, म्हणून हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट्स एकदमच घसरतात. गवत इतकं दाट असतं की वेचून काढता येत नाही. सगळं शेत नांगरावं लागतं. नांगरलेलं शेत काही दिवस उघडं पडतं. तुमचे यजमान आज त्या दिवसांत आहेत.

मोठ्या माणसांतल्या अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचा नेहमीचा पहिला कोर्स म्हणजे सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन. तुमच्या केस पेपरवर नावं थोडी वेगळी असू शकतील. ही औषधं भराभर विभागणाऱ्या पेशी मारतात, आणि अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही भराभर विभागणाऱ्याच असतात. काउंट तळाला जाणं त्यात धरलेलंच असतं. कोर्स सुरू झाल्यापासून साधारण तीन ते चार आठवड्यांनी ते आपसूक वर येऊ लागतात. अनेकदा आधी थोडे मोनोसाइट दिसतात, मागोमाग न्यूट्रोफिल. मग पुन्हा बोनमॅरो तपासतात. मज्जेत ब्लास्ट ५ टक्क्यांपेक्षा कमी, रक्तात न्यूट्रोफिल १,००० च्या वर आणि प्लेटलेट्स एक लाखाच्या वर असतील तर आजार आटोक्यात आला असं डॉक्टर म्हणतात. औषधाचा उपयोग झाला की नाही हे त्या दिवशी कळेल. आजच्या ३०० वरून ते ना तुम्हाला ठरवता येईल, ना दिरांना, ना मला.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आत्ता थांबवू नका. केमोचं औषध देऊन झालेलं आहे, त्याचा त्रास सोसून झालेला आहे. आता उरलंय ते काउंट वर येईपर्यंत त्यांना जपणं, आणि ते रुग्णालयातच नीट होऊ शकतं. या दिवसांत स्वतःच्या सहीवर डिस्चार्ज घेणं म्हणजे त्रास पदरी घ्यायचा आणि फायदा सोडून द्यायचा. काउंट वाढवून देतो म्हणणाऱ्या वैद्यांना एकच गोष्ट विचारा: कुठल्या पेशींचा काउंट? ब्लास्ट वाढले तरी एकूण आकडा वाढतोच. उपचाराविना हा आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत माणसाला नेतो, हे लिहिताना मलाही जड जातंय, पण घरात निर्णय होत असताना ते कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

त्याचबरोबर सगळं छान होईल असं वचन मी देणार नाही. पहिल्या कोर्सने प्रत्येकाचा आजार आटोक्यात येत नाही, काहींना दुसरा कोर्स लागतो. आला तरी पुढे आणखी केमो असते, काहींना बोनमॅरो ट्रान्सप्लांट. यजमानांचा आजार कोणत्या गटातला आहे हे बऱ्याच अंशी जनुकीय तपासण्यांवरून ठरतं, आणि ते रिपोर्ट उशिरा येतात. ते आले का, त्यांत काय निघालं, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. दुसरं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही. त्यासाठी ३०० काउंट असलेल्या माणसाला गाडीत घालून मुंबईला न्यायची मात्र गरज नाही. स्लाइड, बोनमॅरोचा ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि सगळे रिपोर्ट घेऊन घरातलं एखादं माणूस परळला टाटा मेमोरियलमध्ये जाऊन येऊ शकतं.

“तो आठवडा पपईच्या पानांत वाया घालवला” असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. ताई, पावसाळ्यात पुण्यात ताप आणि प्लेटलेट्स कमी म्हटल्यावर कुणीही आधी डेंग्यूच म्हणेल. डेंग्यूत अस्थिमज्जेवरचा परिणाम तात्पुरता असतो, त्यामुळे बहुतेकांच्या प्लेटलेट्स काही दिवसांत आपण होऊन वर येतात आणि श्रेय पपईला जातं. ल्युकेमियात त्या बनवायलाच जागा नसते, तिथे पान काय करणार? इतर वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं की ताप उतरून आठवडा झाला तरी प्लेटलेट्स चढत नसतील, किंवा त्यांच्यासोबत हिमोग्लोबिनही घसरत असेल, तर त्याच लॅबला “स्मिअर (रक्ताची स्लाइड) पाहून सांगा” म्हणावं. ही तपासणी महाग नसते. बहुतेक वेळा त्यात काहीच गंभीर निघत नाही.

आता आकडे लपवण्याविषयी. तुम्ही २०,००० का सांगितले ते मला कळतं. त्यांचा चेहरा पडलेला बघवला नाही. पण ९,००० हा नुसता वाईट निकाल नाही, त्या दिवशी कसं वागायचं याची ती सूचना आहे. १०,००० च्या खाली प्लेटलेट्स गेल्या की रक्तस्राव दिसत नसला तरी सहसा चढवतात. अशा दिवशी माणसाने रात्री एकट्याने बाथरूमला जायचं नसतं, पडलं आणि डोक्याला मार बसला तर निभावत नाही. शौचाला जोर द्यायचा नसतो, ब्लेडने दाढी करायची नसते, नाक जोरात शिंकरायचं नसतं, दातांना मऊ ब्रशच लावायचा असतो. आपल्या २०,००० आहेत असं धरून ते उद्या थोडे मोकळे वागले तर? शिवाय शेजारच्या खाटेवरचा माणूस किंवा नर्स खरा आकडा बोलून जाणार. मग तुमच्या चांगल्या बातमीवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

त्यांनाच विचारा, “तुम्हाला रोजचा आकडा हवाय, की काही करण्यासारखं असेल तेवढंच सांगू?” काही माणसांना सगळं हवं असतं, काहींना नको असतं. दोन्ही ठीक. ते त्यांना ठरवू द्या. आणि परवाचं खरं सांगून टाका. एका वाक्यात, रडारड न करता.

वही ठेवा, पण तिच्यात आणखी एक रकाना पाडा: आज काय करायचं. तीन आकड्यांचे तीन स्वभाव आहेत. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हिमोग्लोबिन सावकाश उतरतं. ते ७ ते ८ च्या आसपास आलं की रक्त देतात, आणि एका पिशवीने साधारण १ ग्रॅमने वाढतं. डाळिंब-बीट प्रेमाने द्या, पण लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. दर पिशवीतून लोह जातच असतं. प्लेटलेट्सचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, आणि चढवलेल्या तर त्याहून लवकर संपतात, त्यात ताप असेल तर आणखी लवकर. सोमवारी चढवून ३५,००० झाल्या आणि बुधवारी १२,००० वर आल्या तर पिशवी फुकट गेली असं समजू नका. तेवढे दोन दिवस रक्तस्राव टळला, कामच तेवढं होतं. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात, म्हणून ते सगळ्यांत आधी तळाला जातात, आणि बाहेरून पिशवीने ते सहसा देत नाहीत. ‘काउंट वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून जे मिळतं ते न्यूट्रोफिल वाढवतं, प्लेटलेट्स नाही. ते कधी द्यायचं हे डॉक्टरांवर सोडा.

प्लेटलेट्सच्या दात्यांसाठी तुमचे भाचे, शेजारी, यजमानांचे कंपनीतले मित्र व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवताहेत, असं तुम्ही लिहिलंय. पुण्यात माणसं धावून येतात, हा अनुभव तुम्ही घेतच आहात. पण वीस जणांना एका दिवशी बोलावू नका. प्लेटलेट्स सतत हलवत ठेवूनही पाचच दिवस टिकतात. दात्यांची यादी करा, रक्तपेढीत आधी तपासणी करून घ्या, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेकाला बोलवा. एकाच दात्याच्या मशीनवर काढलेल्या पिशवीला, म्हणजे एसडीपीला, सगळं धरून दोनेक तास लागतात, तेव्हा त्याने जेवून यावं आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. मेसेजवर तारीख घाला आणि गरज भागली की तसं कळवा, नाहीतर तो वर्षभर फिरत राहतो.

यात दिरांसाठी मोठी गोष्ट आहे. उद्या ट्रान्सप्लांटची वेळ आली तर सख्ख्या भावाशी एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी, आणि रक्ताच्या इतर नातेवाइकांनीही, रुग्णाला स्वतःचं रक्त किंवा प्लेटलेट्स देऊ नयेत. त्यामुळे पुढे ट्रान्सप्लांटमध्ये अडचण येऊ शकते. हे त्यांना समजावून सांगा आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांनाच बरोबर न्या. ५,२०० ची फोड कागदावर मांडून दाखवा, स्लाइड बघायची असेल तर पॅथॉलॉजिस्टना विनंती करा. धाकटा भाऊ डोळ्यांदेखत खंगतोय आणि हाताला काही काम नाही, अशा माणसाची तगमग वैद्याकडे धावणारच. त्यांना दात्यांची यादी सांभाळायला द्या.

सासूबाईंना रुग्णालयात गणपतीचा अंगारा, फुलं आणि पंचामृत न्यायचंय. न्यूट्रोफिल एवढे कमी असताना ताजी फुलं, दुर्वा, कच्चं दूध, न शिजवलेलं काहीही त्या खोलीत नको. त्यांना हे सुनेने सांगण्यापेक्षा सिस्टरनी सांगितलं तर मनाला लागणार नाही. आरती व्हिडिओ कॉलवर दाखवा. मोदक चालतील का ते तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारा; घरी उकडलेला, गरम असेल तर हो म्हणण्याची शक्यता आहे.

इतर वाचकांनी हे आकडे आपल्या घरच्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर सापडतात, प्लेटलेट्स जास्तही असतात, आणि इमॅटिनिबसारख्या गोळ्यांनी काउंट काही आठवड्यांत जागेवर येतो. पुढचा मागोवा हिमोग्रामपेक्षा बीसीआर-एबीएल या जनुकीय दोषाच्या तपासणीने घेतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया असेल तर लिम्फोसाइट २०,००० असूनही डॉक्टर नुसतं लक्ष ठेवू म्हणतात, आणि बऱ्याचदा तेच योग्य असतं. लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि काउंट अनेकदा खालीवर होतात. आणि टॉन्सिल सुजलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी १४,००० निघाल्या तर तेवढ्यावरून तो ल्युकेमिया ठरत नाही.

शेवटी, यजमानांना घरी सोडतील तेव्हाची तयारी आत्तापासून करा. एक डिजिटल थर्मामीटर आणा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. ही तातडीची वेळ असते, अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हावं लागतं. धायरी फाट्यावरची संध्याकाळची कोंडी तुम्हाला माहीत आहे, तेव्हा गाडी कुणाची हे आधी ठरवा आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर काढून ठेवा. रात्री दोन वाजता थेट कुठे जायचं, वॉर्डात की अपघात विभागात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शेवटच्या हिमोग्रामच्या प्रतीसोबत तो कागद पिशवीत ठेवा. दहावीतल्या मुलीलाही ही पिशवी कुठे आहे ते सांगा. तिला सगळं कळतंय, आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा फोन तीच करणार आहे.